जागा रिकामी करून जावे

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला तळघर आहे आणि तळघरात, जिन्याच्या अगदी पोटाखाली, एक खोली आहे. खोलीला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली. तिच्यातून बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. या खोलीत वर्षानुवर्षं जे गृहस्थ बसत, त्यांचं खरं नाव हजेरीपटापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं त्यांना तळटीप म्हणत. कारण उघड होतं. ते सगळ्यांत खाली बसत, अंगानं बारीक होते, आणि वरचं सगळं वाचूनही काही कळेनासं झालं की मगच लोक त्यांच्याकडे वळत. तोंडावर मात्र टीपकाका. ते नाव त्यांनी आनंदानं नाही, पण बिनतक्रार घेतलं होतं. बहुतेक गोष्टी ते तशाच घेत.

नोकरीला लागले ते पुस्तकं उचलायला आणि जागेवर लावायला. पुढे कधीतरी ग्रंथालयात संदर्भ सांभाळण्याचा प्रोग्रॅम आला. प्रबंध लिहिणारा माणूस शेकडो पुस्तकांचे दाखले देतो. पुस्तक कुठलं, कुणाचं, कोणत्या सालचं, मजकूर कितव्या पानावर, हे सगळं हा प्रोग्रॅम लक्षात ठेवतो, लिहिताना जागच्या जागी आकडे घालतो आणि शेवटी एका कळीसरशी यादी तयार करून देतो. म्हणजे देतो असं म्हणायचं. बहुतेक वेळा तो रुसलेला असे. त्याची समजूत काढायचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते टीपकाकांच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते नाइलाजानं शिकून घेतलं आणि नंतर त्यांना त्यात गोडी वाटू लागली.

"टीपकाका, हा बघा ना काय करतोय!" एखादी मुलगी रडकुंडीला येऊन सांगे. "मी लेखक म्हणून 'शिक्षण मंडळ' लिहिलं, तर यानं यादीत 'मंडळ, शिक्षण' असं छापलंय."

"त्याला वाटलं मंडळ हे आडनाव," काका शांतपणे म्हणत. "गरीब आहे तो. संस्था आणि माणूस यातला फरक त्याला आपण सांगावा लागतो. दोन रकान्यांचा एक रकाना कर. हां. आता बघ, गेले की नाही श्रीयुत मंडळ घरी?"

मुलगी हसे. काकांच्या दिवसाची कमाई एवढीच.

घरी बायको कपडे दुरुस्तीची कामं करी. दारातून आत आले की ती मशीनवरून मान वर न करता विचारी, "काय, आज कुणाचे कंस उसवले होते?"

"एकाचे उसवले होते, एकाचे उलटे लागले होते."

"मग आपलं सारखंच की हो काम. फरक एवढाच, की माझी गिऱ्हाईकं एकदा तरी वळून बघतात."

टोमणा खरा होता. पास झालेला माणूस तळघराकडे परत फिरकत नसे. काकांनी त्याचं वाईट वाटून घेणं कधीच सोडलं होतं. उलट माणसानं काम झाल्यावर मागे काही न ठेवता जावं, हेच त्यांना आवडे. खोलीतल्या मोठ्या टेबलावर पत्र्याची एक पाटी टांगलेली होती: 'जागा रिकामी करून जावे'. पाटी त्यांच्याही आधीची होती, पण तिचा धाक त्यांनी बसवला होता. पुस्तकं जागेवर, खुर्ची आत, पेन्सिलचा भुगा कचऱ्याच्या डब्यात. "पुढच्या माणसाला वाटलं पाहिजे, इथं आपल्याआधी कुणी बसलंच नव्हतं," असं ते प्रत्येकाला सांगत आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला हाक मारून परत बोलावत.

प्रोग्रॅम वापरायला प्रत्येकाला आपापलं खातं काढावं लागे. तरुण मुलांना त्याचं काही नव्हतं. पण उतारवयात प्रबंधाला बसलेले काहीजण असत, त्यांचे पासवर्ड रोज हरवत. अशांसाठी काकांनी एक युक्ती काढली होती. आपल्याच खोलीच्या नावानं एक खातं उघडलं आणि त्यात प्रत्येकाला एकेक फोल्डर करून दिला. एका घरात प्रत्येकाला एकेक कपाट दिल्यासारखं. पासवर्ड काका लक्षात ठेवत, ज्याला हवा त्याला सांगत. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं, आणि चाललंय म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांनी धरून चाललं.

त्या घरातलं सगळ्यांत भरलेलं कपाट मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. वय काकांहून बरंच जास्त, गुडघे कामातून गेलेले. जिना उतरताना आधी काठी खाली येई, मग मास्तर. येताना ते घरून एक छोटी उशी आणत. ती खुर्चीवर ठेवून बसत आणि म्हणत, "टीप, आज आपण कुठवर आलोय?" जणू प्रबंध दोघांचा होता.

प्रबंध होता नदीवरच्या नावांबद्दल, म्हणजे होड्यांबद्दल. त्या नदीवर पूल व्हायच्या आधी माणसं, गुरं, धान्य, लग्नाची वऱ्हाडं, सगळं नावेतून पार होई. मास्तरांचे वडील तिथे नावाडी होते. एका वर्षी नाव उलटली, माणसं गेली. चौकशी झाली. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की नावाड्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. त्यानंतर पूल आला, नावा बंद झाल्या, आणि मास्तरांचे वडील उरलेलं आयुष्य घराच्या मागच्या बाजूला बसून राहिले. पुढच्या दारात ते कधी बसले नाहीत.

"मी गणित शिकवलं सगळा जन्म," मास्तर एकदा म्हणाले होते. "पण हे एक उत्तर चुकीचं छापलंय, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. रीत सापडत नव्हती."

रीत सापडली ती त्यांना निवृत्तीनंतर. दुसऱ्या गावच्या एका जुन्या वाचनालयात, बंद पडलेल्या एका साप्ताहिकाच्या गठ्ठ्यात. अपघातानंतर बऱ्याच वर्षांनी, घाटाचा ठेकेदार मेल्यावर, तिथल्या वार्ताहरानं लिहिलं होतं की नाव भरून वाहत असतानाही ठेकेदारानंच आणखी माणसं चढवायला लावली, नावाडी नको म्हणत होता, आणि हे ऐकणारे दोघे साक्षीदार चौकशीत बोलावलेच गेले नाहीत. वाचनालयात फोटो काढू देत नसत. मास्तरांनी सगळा मजकूर हातानं एका कार्डावर उतरवला, खाली अंक आणि तारीख लिहिली. अशी कार्डं त्यांच्याकडे बुटांचे खोके भरून होती.

ती सगळी कार्डं टीपकाकांनी त्यांच्याशेजारी बसून प्रोग्रॅममध्ये भरून घेतली. काम संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "आता या खोक्यांचं काय करू?"

"आता कशाला ते खटलं सांभाळताय?" काका म्हणाले. "सगळं आत गेलं. घरात कसर लागायची उगाच."

मास्तरांनी खोकी रद्दीत दिली.

आणखी एक गोष्ट काकांनीच सांगितली होती. मास्तरांचे मार्गदर्शक जुन्या संगणकावर वाचत. तिथे प्रकरणं उघडली की आकड्यांच्या जागी भलतीच अक्षरं दिसत. तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही प्रकरण पाठवताना संदर्भांची प्रोग्रॅमशी असलेली गाठ सोडून टाका. नुसते आकडे साध्या मजकुरात राहतील. यादीची घाई नको, ती शेवटी एका कळीसरशी होते." त्याप्रमाणे मास्तर प्रकरण संपलं की गाठ सोडत आणि पाठवत. शेवटचं प्रकरण तेवढं अजून हातात होतं.

नोंदणीची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. एकदा वाढवून मिळालेली होती, पुन्हा मिळणार नव्हती.

त्याच सुमारास, एका संध्याकाळी, मुलं जिला नीटनेटकी म्हणत ती संशोधक मुलगी निरोप घ्यायला खाली आली. तिनंही सुरुवातीला पासवर्ड हरवून काकांच्याच खात्यात बस्तान बसवलं होतं. प्रबंध मंजूर झाला होता, नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशी ती गाव सोडणार होती.

"काका, माझ्याकडून सगळं आवरून ठेवलंय हं," ती म्हणाली. "आधी माझा फोल्डर पुसला. तरी बघते तर काय, पसारा तसाच! 'सर्व संदर्भ' म्हणून जी यादी आहे ना, तिच्यात सगळं पुन्हा दिसत होतं. मग तीही पुसून टाकली. कचरापेटीसुद्धा रिकामी केली. तुम्ही शिकवलंय तसं."

"शाबास," काका म्हणाले. ते तेव्हा कुणाच्या तरी छपाईला जायच्या प्रतीत बुडाले होते. शब्द कानांवरून गेले, आत उतरले नाहीत. वळून बघणारं हे पहिलंच माणूस, एवढंच त्यांच्या मनात आलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला तेच सांगितलं, आणि ती म्हणाली, "नशीब माझं, तुमच्याही गिऱ्हाइकाला मान वळवता येते म्हणायची."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. उशी ठेवली, बसले, आणि आपला फोल्डर उघडला. मग म्हणाले, "टीप, जरा इकडे या. माझ्या डोळ्यांना काही झालंय का बघा."

पडद्यावर यादीची चौकट होती. चौकटीत काही नव्हतं.

काकांनी खाली-वर करून पाहिलं, बंद करून उघडून पाहिलं. मग आदल्या संध्याकाळचे शब्द एकेक करून त्यांना ऐकू यायला लागले. फोल्डर पुसला की फक्त कपाटाचं दार जातं, आतलं सामान घराच्या मोठ्या यादीत राहतंच. बिचारीला वाटलं, तो सगळा आपलाच पसारा. आणि सगळी यंत्रं एकाच खात्याला जोडलेली, म्हणून एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडे पुसलं गेलं. बाकीची कपाटं केव्हाच पास होऊन गेलेल्यांची होती; नुकसान झालं ते एकट्या मास्तरांचं.

"डोळे चांगले आहेत तुमचे," ते म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना उठून उभं राहावं लागलं. बसून सांगता येईना.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. शिक्षक असल्यामुळे असेल, त्यांनी फक्त विचारलं, "मग आता आपल्या हातात काय शिल्लक आहे?"

कंपनीला लिहिलं. त्यांचं गोड उत्तर आलं की रिकामी केलेली कचरापेटी परत भरता येत नाही. शेवटच्या प्रकरणातल्या संदर्भांची गाठ अजून शाबूत होती, त्या गाठीतूनच ते दाखले काकांनी एकेक करून सोडवून घेतले. पण आधीच्या प्रकरणांत नुसते आकडे होते. कशाचे ते सांगणारं काही नव्हतं.

आणि अचानक काकांना आठवलं. कोपऱ्यातला जुना संगणक! मास्तर सुरुवातीला त्यावरच बसत. पडदा अंधुक झाला म्हणून सुट्टीत तो सामानाच्या खोलीत नेऊन ठेवला होता. तेव्हापासून तो बंदच होता, म्हणजे ही पुसापुशी त्याच्या कानावर गेलीच नसणार. साप्ताहिकासकट सगळं त्याच्या पोटात सुखरूप असणार.

"फक्त एक पथ्य पाळायचं," जुना पडदा टेबलावर ठेवताना काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव आला होता. "तो बाहेरच्या जगाशी बोलता कामा नये. बोलला, की त्याला कळणार तिकडे सगळं पुसलंय, आणि हाही आज्ञाधारकपणे पुसून टाकणार. म्हणून मी ही नेटची तार आधीच काढून ठेवतो."

"मौनव्रत," मास्तर म्हणाले.

"अगदी तसं."

तार काढून काकांनी ती मास्तरांच्या हातातच दिली. संगणक सुरू व्हायला वेळ लागला. पंखा कण्हत होता. प्रोग्रॅम उघडला आणि यादी आली. पुरी यादी. मास्तरांनी टेबलाच्या कडेवर हात टेकले. लाल पुठ्ठ्याची गॅझेटं, नावांच्या बांधणीवरचे लेख, पुलाचे आराखडे, सगळं जिथल्या तिथं. काकांनी यादी खाली सरकवली.

"थांबा. हाच तो वार्ताहराचा. मथळा लांबलचक आहे, तेवढ्यावरून ओळखलं मी," मास्तर म्हणाले. "तारीख काय दिसते? थांबा, चष्मा... कुठे गेला चष्मा..."

ते एक खिसा चाचपू लागले, मग दुसरा. तारखेचा रकाना त्याच ओळीत शेवटी होता. काकांनी नुसती मान वळवली असती तरी तारीख वाचता आली असती. पण काकांचं लक्ष पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं होतं. तिथे एक छोटा बाण गोल फिरू लागला होता.

तार तर काढली होती. मग हा कुणाशी बोलतोय? काका त्या बाणाकडे बघत राहिले. आणि मग त्यांना ते आठवलं. जुनी तार कुरकुर करायची म्हणून मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच बिनतारी नेटचा नखाएवढा तुकडा खोचून ठेवला होता, मास्तरांचं काम अडू नये म्हणून.

"अरे अरे अरे," असं म्हणत ते टेबलामागे वाकले. अंधारात बोटं तुकड्यावरून निसटली. शेवटी त्यांनी विजेची पिनच ओढली. पडदा काळा झाला. पण त्याआधी यादी आतल्या आत आक्रसत गेलेली मास्तरांनी पाहिली होती. चष्म्याशिवायही ते दिसलं.

चष्मा त्यांच्या हातात होता. डबी उघडायची तेवढी राहिली होती.

पुन्हा सुरू केला तेव्हा आत काही नव्हतं. प्रोग्रॅम स्वतःची एक राखीव प्रत ठेवतो, ती काकांनी शोधून काढली. ती होती मास्तर या खोलीत यायच्याही आधीची.

त्यानंतरचे दिवस दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. काका आकडा वाचत, मास्तर डोळे मिटून ते वाक्य ऐकत. "हा... हा त्या जाड ग्रंथातला. वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कपाटात आहे." काका जिना चढून जात, ग्रंथ आणत, पान शोधत. मास्तरांची स्मरणशक्ती अचाट होती. आकड्यांमागून आकडे सुटत गेले. काकांचे गुडघेही आता मास्तरांसारखे बोलू लागले, पण त्याबद्दल ते घरी अवाक्षर काढत नव्हते. बायकोला कळलंच. तिनं एकदा विचारलं, "त्या मुलीला कळवलंत?"

"कशाला? नुकती कुठे सुखाला लागलीय."

"आणि तुमचं काय?"

"मी शिकवलं तसं ती वागली," काका म्हणाले. त्या दिवशी बायकोनं टोमणा मारला नाही. ते त्यांना जास्त लागलं.

सगळं सुटलं, पण एक आकडा सुटेना. साप्ताहिकाचा मजकूर आधीच्या एका प्रकरणात शब्दशः होता. पण कुठला अंक, कुठली तारीख, कुठलं वर्ष, काहीच नाही. सुट्टीच्या दिवशी काका स्वतः त्या दुसऱ्या गावी जाऊन आले. वाचनालयाच्या जागी फरशांचं दुकान होतं. दुकानदारानं रद्दीवाला दाखवला. रद्दीवाला म्हणाला, "काका, माझ्याकडे कागद मुक्कामाला येत नाही हो. आला, वजन झालं, गेला." परतीच्या बसमध्ये काका डोळे मिटून तो पडदा आठवत होते. ओळीच्या शेवटी काहीतरी आकडे होतेच. शेवटचा आठ होता का? की तीन? जितकं आठवावं तितका तो बाणच गोल फिरताना दिसे.

मार्गदर्शक वाईट नव्हते. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं.

"मास्तर, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण बाहेरचा परीक्षक काय म्हणेल? अंक नाही, तारीख नाही, साप्ताहिक कुणी पाहिलेलं नाही. आणि लिहिणारा कोण, तर नावाड्याचा मुलगा. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी कदाचित तसंच जाऊ दिलं असतं."

"मग मी अपघातच गाळला तर?"

"कसा गाळाल? नावा बंद पडल्या त्याच्यामुळे. शेवटचं प्रकरण त्याच्यावर उभं आहे."

मास्तरांनी मान डोलावली. गणितात पायरी बरोबर असली की ते असेच मान डोलावत असणार.

मुदतीच्या आदल्या दिवशी काका लवकर आले. मास्तर यायच्या आत त्यांनी नवी नोंद उघडली, साप्ताहिकाचं नाव भरलं, मथळा भरला आणि तारखेच्या रकान्यात एक तारीख लिहिली. शेवटी आठ टाकला. अंकाचा आकडा हिशेबानं जुळवला. पान पहिलं. सगळं नीट दिसत होतं. जगाच्या पाठीवर कुणी ते तपासू शकलं नसतं.

मास्तर आले, उशी ठेवली, बसले. या वेळी चष्मा आधीपासून डोळ्यांवर होता. त्यांनी नोंद वाचली. पुन्हा वाचली.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

काकांनी टेबलावरची पेन्सिल उचलून खणात ठेवली.

"टीप?"

"आठ होता, असं मला वाटतं," काका म्हणाले. "मास्तर, मजकूर तर खरा आहे. तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवलाय. तारखेचं काय एवढं घेऊन बसायचं? कोण बघतंय? मी करतो जतन. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

वर खिडकीतून कुणाचे तरी पाय भराभरा गेले.

"चौकशीत त्यांनी खोटं लिहिलं," मास्तर म्हणाले. "म्हणून मी एवढे जिने उतरलो. आता मीही खोटी तारीख घातली, तर म्हातारा सुटेल, पण खोट्या साक्षीवर सुटेल. त्याला ते चालायचं नाही. हट्टी होता तो. नको म्हणाला म्हणजे नको. त्या दिवशीही तो नकोच म्हणत होता."

"माझ्यामुळे झालं हे सगळं."

"अहो, तुमच्यामुळे प्रबंध झाला. हेही झालं, ते खोटं कशाला बोलू? पुसा ती तारीख."

काकांनी तारीख पुसली, अंक आणि पानही पुसलं. मग मास्तरांनी ते आधीचं प्रकरण उघडलं, वार्ताहराचा परिच्छेद निवडला आणि एक कळ दाबली. खालचा मजकूर वर सरकून आला आणि जागा भरून गेली. तिथे काही होतं असं पाहणाऱ्याला वाटलंही नसतं. शेवटच्या प्रकरणात चौकशीच्या अहवालातलं वाक्य मात्र तसंच राहिलं, नावाड्याचा निष्काळजीपणा आणि त्यापुढे आकडा. तो संदर्भ गाठीतून सुखरूप निघालेल्यांपैकी होता. वर्ष, पान, प्रकाशक, अगदी बिनचूक.

काकांनी कळ दाबली. यादी पानांमागून पानं उलगडत गेली. एकही चूक नव्हती.

"छान झालीय यादी," मास्तर म्हणाले.

त्यांनी खुर्ची आत सरकवली, टेबलावरून हात फिरवला, उशी काखेत घेतली. जिना चढताना आधी काठी वर गेली, मग मास्तर. त्यांनी वळून पाहिलं नाही. काकांना वाटलं होतं, पाहतील.

प्रबंध मंजूर झाला. त्याची बांधीव प्रत रीतीप्रमाणे ग्रंथालयात आली आणि ती वरच्या मजल्यावर नेऊन लावायचं काम काकांनी शिपायाला सांगितलं. त्यांनी ती उघडली नाही. मास्तर पुढे कधी दिसले नाहीत. कुणीतरी म्हणालं, ते आता घरीच असतात, मागच्या अंगणात बसलेले असतात. काकांनी जास्त चौकशी केली नाही.

वर्ष सरताना काकांचीही निवृत्ती आली. खोलीचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. बहुधा तिथे जुन्या खुर्च्या ठेवणार होते. वरच्या ग्रंथपाल मॅडम स्वतः खाली आल्या.

"काका, तेवढं टेबल आणि मशीन रिकामं करून द्या हं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच सगळ्या विद्यापीठाला शिकवलंत."

"हो," काका म्हणाले.

त्यांनी खण रिकामे केले. पेन्सिली, पाण्याची बाटली, चार्जर पिशवीत घातले. मग ते खातं उघडलं. उरलेले फोल्डर पुसले, मोठी यादी पुसली. शेवटी एकच नोंद राहिली. मथळा होता, साप्ताहिकाचं नाव होतं. अंक कोरा, तारीख कोरी, पान कोरं. अर्धवट नोंदीवर प्रोग्रॅम एक लाल खूण दाखवतो आणि उघडताना आणि बंद करताना प्रत्येक वेळी विचारतो, तपशील अपुरे आहेत, नोंद ठेवायची का? वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ तो विचारत होता आणि वर्षभर रोज काका 'हो' म्हणत होते.

त्यांनी नोंदीवर बोट नेलं. डोक्यावर पत्र्याची पाटी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ओळीच्या शेवटी, जिथे तारीख असायला हवी होती, तिथे ते बघत बसले. आठ, की तीन. काहीच आठवलं नाही.

प्रोग्रॅम बंद करताना त्यानं पुन्हा विचारलं. काकांनी 'हो' दाबलं, यंत्र बंद केलं, आणि पिशवी उचलून जिना चढू लागले. त्या टेबलावरून इतक्या वर्षांत जे कुणी उठून गेले होते, त्यांत जागा पुरती रिकामी न करता जाणारे ते एकटेच होते.